मुंबईच्या उकाड्यात चिंचिला: पिंजऱ्याबाहेर मोकळं सोडण्याच्या वेळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचिला म्हणजे उंदीर-खारीच्या गटातला, दाट केसांचा छोटा प्राणी. तो पाळणाऱ्यांचे आणि पाळू पाहणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. खालची उत्तरं मुंबई, ठाणे, नवी मुंबईची हवा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत यातलं थोडंफार बदलेल.

चिंचिलाला इतकं उकडतं कशामुळे?

हा प्राणी मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथली हवा थंड आणि कोरडी, रात्री तर गारठाच. त्या गारठ्यासाठी त्याच्या अंगावर जो फर आहे तो जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये सगळ्यात दाट मानला जातो. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एखाद-दुसरा केस येतो, चिंचिलाच्या एका छिद्रातून पन्नासच्या वर बारीक केस येतात. हा फर थंडी आत येऊ देत नाही आणि अंगातली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही जमत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः दोन मोठे, पातळ कान आहेत. म्हणून चिंचिला पाळणारा माणूस सतत त्याच्या कानांकडे बघत असतो.

आता यात धावण्याची भर घाला. धावलं की स्नायू तापतात, ती उष्णता अंगातच साठत जाते. बसून असलेल्या चिंचिलाला जी खोली कशीबशी चालते, तीच खोली उड्या मारणाऱ्या चिंचिलाला जड जाऊ शकते.

मग नेमकं किती तापमान हवं?

१६ ते २१ अंश सेल्सिअस उत्तम. २३-२४ पर्यंत शांत बसलेला प्राणी निभावून नेतो. २५ च्या वर गेलं की मोकळं सोडणं बंद, आणि २७ च्या वर धोका, मग तो धावत असो वा झोपलेला. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवी. मुंबईत एसी लावूनही ती बऱ्याचदा साठच्या घरात राहते, तेव्हा तापमान अजून एखाद-दोन अंश खाली ठेवावं.

तापमान आणि आर्द्रता यांची बेरीज करायची, असं ऐकलंय. ते काय आहे?

जुन्या पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या वर गेली तर धोका. सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट येतं.

मे महिन्यातली एखादी रात्र घ्या: २९ अंश म्हणजे सुमारे ८४, आर्द्रता ७५, बेरीज १५९. जुलैतली पावसाळी रात्र: २६ अंश म्हणजे ७९, आर्द्रता ९०, बेरीज १६९. आपल्याला जुलैची रात्र मे महिन्यापेक्षा सुसह्य वाटते, पण चिंचिलाच्या हिशेबात ती जास्त वाईट निघते. एसीच्या खोलीत २१ अंश म्हणजे ७०, आर्द्रता ५५, बेरीज १२५. इथे त्याला खुशाल सोडा.

हा ठोकताळाच आहे हे मात्र विसरू नका. कोरड्या हवेत ३० अंशांना बेरीज १५० च्या आत बसली, तरी ३० अंश ते ३० अंशच.

आर्द्रता आणि तापमान दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. ते पिंजऱ्याच्या उंचीवर, पिंजऱ्याला लागून ठेवा. एसीच्या रिमोटवर दिसतो तो आपण मागितलेला आकडा. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात प्रत्यक्ष काय चाललंय ते हे यंत्र सांगतं.

पंख्यावर भागणार नाही का? आमच्याकडे समुद्राचा वारा छान येतो.

नाही. पंख्याने आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. ज्याला घामच नाही त्याच्यावर २९ अंशांची हवा जोरात सोडली काय आणि हळू सोडली काय, ती २९ अंशांचीच राहणार. समुद्राचा वारा तर सोबत ओल घेऊन येतो.

कूलरचा विचारही करू नका. तो हवेत पाणी मिसळून गारवा देतो. नागपुरात त्याला अर्थ आहे, मुंबईत खोली नुसती दमट होते.

एसी नाही, पण मुलांना चिंचिलाच हवाय. काही जुगाड?

नाही. मुंबईत एसीशिवाय चिंचिला पाळू नये, आणि एसी असूनही तो फक्त रात्री झोपताना लावायची पद्धत असेल तरीही पाळू नये. हे वाचून काहींना राग येतो. पण हा प्राणी चांगला सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं, कधी वीसही जगतो. तितके उन्हाळे, तितके पावसाळे आणि तितक्याच ऑक्टोबर हीट. बर्फाच्या बाटल्यांवर एखादी दुपार निघेल, पंधरा वर्षं निघत नाहीत.

लहानपणापासून इथेच वाढला तर इथल्या हवेची सवय होईलच ना?

‘आमच्या सोसायटीत हस्की आहे, तो बघा कसा राहतो’ हे वाक्य यानंतर हमखास येतं. बर्फाळ मुलखातला तो कुत्राही इथे सुखात नसतो, पण ते असो.

आज घरोघरी असलेले बहुतेक चिंचिला ज्यांचे वंशज आहेत ते अकरा प्राणी मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाणतज्ज्ञाने १९२३ साली चिलीतून कॅलिफोर्नियात नेले. डोंगरावरून एकदम खाली आणलं तर ते मरतील हे ओळखून त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने, बरेच महिने घेऊन खाली उतरवलं, आणि जहाजावर उष्ण कटिबंध ओलांडताना पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. या शंभर वर्षांत माणसाने त्यांची पैदास मुख्यतः फरच्या धंद्यासाठी केली, म्हणजे निवड झाली ती आणखी दाट केसांची. उन्हाळा सोसणारा चिंचिला कुणाला नकोच होता. त्यामुळे डोंबिवलीत जन्मलेलं पिल्लूही अंगाने अँडीजचंच असतं.

एसी किती वर ठेवायचा आणि किती वेळ?

२० ते २२ वर, आणि उन्हाळ्यात जवळपास दिवसभर. खोली छोटी निवडा, दार बंद राहील अशी. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते, त्या भिंतीला पिंजरा टेकवू नका. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबचंही तेच. खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रीजच्या मागे किंवा स्वयंपाकघराला लागूनही नको. एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका.

टायमरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. बऱ्याच घरांत रात्री झोपताना एसी लावून तीनला बंद होईल असा टायमर लावतात. माणसांचं बरोबर आहे, तोवर खोली गार झालेली असते आणि आपण पांघरूण घेऊन झोपलेले असतो. पण चिंचिला निशाचर आहे. आपण गाढ झोपेत असताना त्याचा दिवस ऐन भरात असतो, तो पिंजऱ्यात उड्या मारत असतो, चाकावर पळत असतो. नेमक्या त्याच वेळी खोली तापायला लागते. सकाळी आपल्याला दिसतो तो कोपऱ्यात आडवा पडलेला प्राणी, आणि वाटतं झोपलाय. टायमर काढून टाका.

विजेचं बिल किती येईल?

एक टनाचा चांगल्या रेटिंगचा इन्व्हर्टर एसी तासाला साधारण अर्धा ते एक युनिट खातो. चोवीस तासांचे १२ ते २४ युनिट, महिन्याचे निदान साडेतीनशे. वीज बेस्टची असो, अदानीची, टाटाची की महावितरणची, दर टप्प्यांचे असतात. ३०० च्या वर गेलात की वरच्या युनिटांना पुढचा महाग टप्पा लागतो, ५०० नंतर त्याहून पुढचा. चिंचिलाच्या किमतीची घासाघीस करण्याआधी घरचं गेल्या मे महिन्याचं बिल काढून बघा.

मोकळं कधी सोडायचं आणि किती वेळ?

रात्री नऊनंतर, जमलं तर दहाला. संध्याकाळी सातला तो जागा होतो आणि दाराशी येऊन बसतो, पण तेव्हा इमारतीच्या भिंती अजून दिवसाचं ऊन ओकत असतात. पहाटे उठणारे असाल तर साडेपाच-सहाही चांगली वेळ.

सोडण्याआधी तासभर खोली थंड करून ठेवा. दार उघडल्यावर एसी लावायचा आणि खोली गार होईपर्यंत त्याला पळू द्यायचं, हे उलटं झालं. यंत्रावर २२ च्या आत आकडा दिसला की सोडायचं.

अर्धा ते पाऊण तास पुरतो. प्राणी नवा असेल, वयस्कर असेल किंवा जाड झालेला असेल तर पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करा. त्या वेळात तुम्ही जमिनीवर बसा आणि मोबाइल बाजूला ठेवा. हा प्राणी तोंड वर करून ‘दमलो’ म्हणत नाही. भित्र्या प्राण्यांना थकवा लपवायची सवयच असते, मध्येच पाच मिनिटं थांबवणं आपलं काम. आणि पिंजऱ्यात परत न्यायला त्याच्यामागे धावू नका. पाठलागाच्या भीतीने तो खेळण्यापेक्षा जास्त तापतो. धूळस्नानाचं भांडं (हा प्राणी पाण्याऐवजी बारीक धुळीत लोळतो, त्याबद्दल पुढे) समोर ठेवलं की बहुतेक चिंचिला आपणहून आत शिरतात, भांड्यासकट उचलून न्यायचं.

बाथरूममध्ये सोडलं तर? तिथल्या लाद्या गार असतात.

मुंबईच्या घरात बंद करता येणारी मोकळी जागा बहुधा तेवढीच, त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण आधी कोरडं करा. सकाळच्या आंघोळींची ओल संध्याकाळपर्यंत तिथे टिकते आणि लाद्या गार असूनही हवा दमट राहते. फर ओला झाला तर तो आतून लवकर वाळत नाही.

भरलेली बादली बाहेर काढा, तो त्यात पडू शकतो. कमोडचं झाकण लावा. डांबरगोळ्या आणि फिनाइलची बाटली तिथून हलवा, गीझरची आणि वॉशिंग मशिनची वायर दाताला लागणार नाही अशी करा, कारण हा प्राणी वायर कुरतडतोच. आणि बाथरूमच्या दाराबाहेरची खोली एसीची असेल तरच हे सगळं करा.

पिंजऱ्यात चाक ठेवावं का?

ठेवावं. ३८ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठं, धातूचं, सलग पृष्ठभागाचं. जाळीच्या चाकात पाय अडकतो आणि छोट्या चाकात पाठ वाकते. फक्त एक लक्षात ठेवा: चाक असलं की व्यायामाची वेळ तुमच्या हातात राहत नाही. एसी दुरुस्तीला गेला असेल, वीज सारखी जात असेल, तर त्या दिवसांपुरतं चाक काढून ठेवा.

आणि तो प्लास्टिकचा पारदर्शक बॉल?

नको. आत हवा खेळत नाही, मिनिटांत तापतो. कुणी भेट दिला तर बॉल ठेवून घ्या, चिंचिलाला त्यात घालू नका.

थंड बसायला काय द्यावं?

दगड. परदेशी दुकानांत ‘चिंचिला कूलर’ म्हणून पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा तुकडा विकतात. आपल्याकडे कुठल्याही मार्बलच्या दुकानात किंवा कुणाच्या घरी ओट्याचं काम चालू असेल तिथे तो फुकटात मिळतो. ग्रॅनाइट, कडप्पा, जाड लादी, काहीही चालेल. साधारण फूटभर लांब-रुंद, कडा घासून गोल केलेला. पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, कारण खालचा भाग जास्त गार असतो, आणि तो हलणार नाही याची खात्री करा, निसटला तर पायावर पडेल.

दोन तुकडे घ्या. एक पिंजऱ्यात, एक फ्रीजमध्ये, आळीपाळीने. फ्रीजमधून काढलेल्या दगडावर मुंबईच्या हवेत पाणी सुटतं, ते पुसून मग आत ठेवा. धावून आल्यावर चिंचिला त्यावर पोट टेकून पसरतो. तसं पसरणं आजाराचं लक्षण नाही, तो शहाणपणा आहे.

दगड हा वरचा आधार आहे, एसीला पर्याय नाही.

बर्फ ठेवला तर?

पिंजऱ्याच्या बाहेर. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून, डबा फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला लागून ठेवा. प्लास्टिकची गोठवलेली बाटली आत ठेवली की तो ती कुरतडतो, तुकडे पोटात जातात आणि पाणी सांडून फर भिजतो. जेलचे निळे पॅक तर अजिबात आत नकोत.

फार गरम होत असेल तर पाण्याने आंघोळ घालू का?

नाही. भिजलेला दाट फर अंगाला चिकटून बसतो, आत ओल धरतो, आणि तिथे बुरशी येते.

त्याची आंघोळ धुळीची. चिंचिलासाठी म्हणून मिळणारी ज्वालामुखी राखेसारखी अतिशय बारीक धूळ खोलगट भांड्यात घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला लोळू द्या. ही धूळ फरमधलं तेल आणि ओल शोषून घेते. आठवड्यातून दोनतीनदा पुरतं, पावसाळ्यात एखाद वेळ वाढवा. खेळ झाल्यावर, तो थोडा निवला की द्या. वेळ झाली की भांडं काढून घ्या, दिवसभर आत ठेवलं तर त्वचा कोरडी पडते आणि डोळ्यांत धूळ जाते.

घरातली मुलतानी माती चालेल का, असं खूप जण विचारतात. चेहऱ्याला लावायच्या पाकिटांत बऱ्याचदा गुलाब, चंदन, कापूर असं काहीतरी मिसळलेलं असतं, ती नको. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. चौपाटीवरची वाळू नको.

उन्हाळ्यापुरते केस कापून घेतले तर?

नको. डॉक्टरांनी उपचारासाठी सांगितलं तरच.

खेळून आल्यावर काय द्यावं? दमतो बिचारा.

गार, ताजं पाणी आणि टिमोथी गवत, म्हणजे त्याचा रोजचा वाळलेला चारा. मनुका, बेदाणे, केळ्याचा काप, बिस्किट यांतलं काही नको, साखरेने त्याचं पोट बिघडतं आणि चिंचिलाचं पोट बिघडणं साधी गोष्ट नसते. इलेक्ट्रॉल मनाने देऊ नका. आणि लगेच कुशीत घेऊ नका. आपलं अंग ३७ अंशांचं असतं, तापलेल्या जिवाला ती आणखी एक शेगडी होते. मुलांना हे नीट समजावून सांगा, कारण नेमका तेव्हाच तो शांत बसतो आणि नेमका तेव्हाच उचलायचा मोह होतो.

त्याला उष्णता बाधतेय हे ओळखायचं कसं?

कान आधी सांगतात. धावल्यावर कान थोडे गुलाबी होणं ठीक. ते लालबुंद झाले, शिरा उठून दिसायला लागल्या की खेळ तिथेच थांबवा, त्याला गार दगडावर बसवा. दहा-पंधरा मिनिटांत कान पूर्ववत व्हायला हवेत.

तसं झालं नाही, किंवा तो आडवा पडला, भराभर श्वास घ्यायला लागला, तोंडातून लाळ आली, हिरड्या गडद लाल दिसल्या, उचलल्यावर अंग सैल वाटलं, तर तो उष्माघात समजा आणि लगेच हालचाल करा. गार खोलीत न्या. गार पाण्यात, बर्फाच्या नव्हे, फडकं बुडवून पिळून कानांवर आणि तळपायांवर ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेही जीव जातो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. एकाने हे करायचं, दुसऱ्याने डॉक्टरांना फोन लावायचा. आणि अर्ध्या तासात तो उठून बसला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच, आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर दिसते.

डॉक्टर कुठे शोधायचा?

आजच शोधा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला चिंचिलाचा अनुभव नसतो, ‘एक्झॉटिक’ प्राणी बघणारे कोण हे विचारा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथेही असे प्राणी कोण आणि कधी बघतं ते आधी फोनवर विचारून ठेवा. रात्री फोन उचलणारा किमान एक नंबर फ्रीजवर चिकटवलेला हवा.

मुंबईत वीज जाते कुठे?

फारशी जात नाही हेच खरं, आणि म्हणूनच तयारी कुणाची नसते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, काही भागांत कित्येक तास आली नाही. तेही ऑक्टोबर हीटमध्ये. शिवाय इमारतीतलं केबलचं काम, मीटर रूममधला बिघाड हे आहेच.

इथे एक गोंधळ दूर करतो. ‘इन्व्हर्टर एसी’ म्हणजे वीज गेल्यावर चालणारा एसी नव्हे, आणि घरी बॅटरीचा जो इन्व्हर्टर असतो त्यावर बहुधा दिवे-पंखेच चालतात. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी असतो, घरातल्या प्लगसाठी नाही.

तेव्हा वीज गेल्याबरोबर: पडदे ओढा, दार बंद ठेवा म्हणजे खोलीतला गारवा तास-दीड तास टिकेल. चाक काढा. फ्रीजमधला दगड आत, बर्फाचा डबा बाहेर. यंत्रावर २५ दिसायला लागलं आणि वीज यायची चिन्हं नसली तर त्याला छोट्या पिंजऱ्यात घालून ज्यांच्याकडे वीज आहे त्यांच्याकडे हलवा. अशी एखादी मावशी, आत्या, मित्र आधीच सांगून ठेवलेला बरा, शक्यतो वेगळ्या वीज कंपनीच्या भागातला.

पावसाळ्यात हवा गार असते, तेव्हा एसी बंद चालेल?

बेरजेचं उदाहरण पुन्हा बघा. पावसाळ्यात अडचण वेगळीच होते: बाहेर २६, एसी २४ वर, मग खोली लगेच गार होते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. कॉम्प्रेसर थांबला की हवेतली ओल काढणंही थांबतं. म्हणून एसी आणखी खाली आणा किंवा ‘ड्राय’ मोडवर चालवा. डीह्युमिडिफायर वापरत असाल तर लक्षात घ्या, तो ओल ओढतो पण खोली थोडी तापवतो, तेव्हा एसीच्या जोडीनेच लावा.

गवताला वास आला किंवा त्यावर पांढरट काही दिसलं तर सगळी पिशवी टाका. गवत आणि धूळ दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. नाकाभोवती, डोळ्यांभोवती केस गळून खवले दिसले तर गजकर्ण असू शकतं, ते माणसालाही होतं. हातमोजे घाला आणि डॉक्टरांना दाखवा.

थंडीत तरी सुट्टी?

थोडी. डिसेंबर-जानेवारीच्या बऱ्याच रात्री वीस अंशांखाली जातात, तेव्हा खोलीतल्या यंत्रावरही २२ च्या आत आकडा असेल तर एसीशिवाय त्याला पळू द्या. दुपारी मात्र जानेवारीतही पारा तिसाच्या आसपास जातो.

गणपतीत आणि दिवाळीत काय करायचं?

ढोल-ताशा आणि फटाके चालू असताना मोकळं सोडू नका. घाबरून जो पळतो तो थांबत नाही. रस्त्याच्या बाजूची खिडकी बंद, एसी चालू, पिंजऱ्यात लपायला लाकडी घर. मिरवणूक गेल्यावर, उशिरा, मग दार उघडा.

मे महिन्यात गावी जायचंय. सोबत नेऊ का?

कोकणात एसी नसलेल्या घरी नेऊ नका. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जाणार असाल तर त्यांना फक्त ‘गवत-पाणी घाला’ एवढं सांगून भागत नाही. यंत्रावरचा आकडा कसा वाचायचा, एसी आपोआप बंद पडला तर काय करायचं, डॉक्टरांचा नंबर कुठला, हे दाखवून जा. एसी वीज येऊन-जाऊन आपोआप चालू होतो का, हे निघायच्या आधी मेन स्विच बंद करून तपासा. काही मॉडेल रिमोट दाबेपर्यंत तसेच बंद राहतात. तुम्ही नसाल तितके दिवस पिंजऱ्याबाहेरचा खेळ बंद ठेवायला सांगा.

डॉक्टरांकडे नेताना रिक्षा नको, एसी टॅक्सी बोलवा, ती येऊन आतून गार झाली की मगच प्राणी खाली आणा, आणि सकाळी आठच्या आतली वेळ मागून घ्या.